आजीच्या मशीनचे वय आणि मोल

वैद्यकीय मंडळाच्या स्मरणिकेत एका बालरोगतज्ज्ञाने जुन्या शिवणयंत्रांवर लिहावे, याचे सुज्ञ वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्या बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात १९९१ पासून रेमंडचे सुटिंगचे कापड तयार होत आले आहे, त्याच बोरगाव-सौंसरच्या पंचक्रोशीत घरोघरी माळ्यावर, गोठ्यात, पलंगाखाली काळ्या लोखंडी शिलाई मशीन धूळ खात पडलेल्या आहेत. त्यांच्याविषयी दोन टोकांची मते प्रचलित आहेत. एक, हे निव्वळ दहा-बारा किलो बीड आहे, कबाड्याला वजनावर द्यावे. दुसरे, ही इंग्रजांच्या काळची वस्तू असल्याने लाखांत विकली जाईल. माझ्या मते दोन्ही मते घातक असून दोहोंचा भुर्दंड बहुधा गरीब घरालाच बसतो.

वय ठरविण्यापासून आरंभ करू. जन्मतारीख ठाऊक नसलेले मूल समोर आले की आपण आईची आठवण ऐकतो, दात मोजतो, आणि गरज भासल्यास मनगटाचे क्ष-किरण चित्र काढतो. यंत्राच्या बाबतीतही आठवण ऐकावी, पण तिच्यावर विसंबू नये. ‘आजीच्या लग्नातली’ एवढे प्रमाण पुरत नाही. सिंगर यंत्राच्या बैठकीवर, उजव्या बाजूस, खांबाच्या पायथ्याशी क्रमांक ठोकलेला असतो. मळ पुसला की तो दिसतो. क्रमांकाआधी इंग्रजी अक्षर नसेल तर यंत्र साधारणतः १९०० पूर्वीचे. ‘एफ’ वा ‘वाय’ अक्षर असेल तर ते स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्यातले, ‘जी’ असेल तर अमेरिकेतील न्यू जर्सीचे. कंपनीच्या क्रमांकांच्या याद्या उपलब्ध आहेत. त्यांवरून साल जवळपास निश्चित होते.

सर्वाधिक फसगत करते ती खांबावरची निळ्या कडेची चकती. तिच्यावर १८५१ आणि १९५१ ही दोन साले असतात. पहिले साल वाचून ‘पावणेदोनशे वर्षांची मशीन’ असे अभिमानाने सांगणारे पालक मला दवाखान्यात भेटले आहेत. वस्तुतः आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये पेटंट घेऊन धंदा सुरू केला, त्याच्या शताब्दीची ती खूण आहे. म्हणजे ते यंत्र १९५१ च्या सुमाराचे. भारतीय यंत्रांचा इतिहास तर आणखी अलीकडचा. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सची ‘उषा’ १९३० च्या दशकातली. लुधियानाची बहुसंख्य यंत्रे त्यानंतरची.

वय कळले म्हणजे किंमत कळली, असे मात्र नाही. आपण जुनेपणाला दुर्मिळता समजतो. एकट्या क्लाइडबँकच्या कारखान्यातून १९१३ या एका वर्षात तेरा लाखांच्या आसपास यंत्रे बाहेर पडली. त्यांत मोडण्याजोगे फारसे नसल्याने त्यांतली पुष्कळशी अजून शिल्लक आहेत. जी वस्तू जगभर लाखोंनी उरली आहे तिला शंभर वर्षे झाली म्हणून संग्राहक धावत येत नाहीत. ते पाहतात ती सोनेरी नक्षी किती शाबूत आहे, लाकडी झाकण मूळचे आहे काय, लांबट धोटा व त्याची बॉबिन जागेवर आहे काय, वरून नवा रंग फासला आहे काय. घासकागदाने घासून ‘चकचकीत’ केलेले यंत्र त्यांच्या लेखी मातीमोल होते.

अज्ञानाचा बाजार कुठवर चढू शकतो, याचे उदाहरण सौदी अरेबियात घडले. एप्रिल २००९ मध्ये तेथे अशी आवई उठली की जुन्या सिंगर यंत्रांत ‘लाल पारा’ नावाचा अद्‍भुत पदार्थ असतो. सुईजवळ मोबाइल धरल्यावर फोन बंद पडला की पारा सापडला, ही त्याची परीक्षा! लोकांनी एकेका यंत्रासाठी दोन लाख रियालपर्यंत रक्कम मोजल्याच्या बातम्या आल्या आणि पोलिसांना चौकशी करावी लागली. ताईत बांधून कावीळ उतरविणारे आपण रोज पाहतो. त्यामुळे आपणा डॉक्टरांना त्या लोकांना हसण्याचा अधिकार नाही.

मग खरे मोल कशात? माझे स्पष्ट मत आहे की आपल्या भागात ते प्रथम टाक्यात आहे. यंत्रांविषयी साशंक असणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता, तो ते माणसाचे कष्ट हलके करते म्हणून. चालणारी मशीन म्हणजे ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. म्हणजेच महिन्याकाठी दुधाचे आणि औषधाचे पैसे. येथे सुईचा प्रश्न निर्णायक ठरतो. गोल बॉबिनच्या ज्या सिंगरवरून आपल्याकडील बहुतेक काळ्या मशीन घडल्या, तिची सुई आणि सुटे भाग आजही कोणत्याही बाजारात मिळतात. एकोणिसाव्या शतकातील काही यंत्रांची सुई मात्र सहजी मिळत नाही. पहिले यंत्र चालवायचे, दुसरे जपायचे. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत २०२३ पासून शिंप्यांना अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत साहाय्य मिळू लागले, ही उत्तम गोष्ट. पण नवी मशीन आली म्हणून चालती जुनी वजनावर देण्याची घाई कशासाठी?

शंभर वर्षे ओलांडलेले यंत्र परदेशी धाडण्याचे आमिष कोणी दाखविल्यास सावध राहावे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याची मर्यादा शंभर वर्षांचीच आहे आणि पुरावशेषांची खासगी निर्यात त्यात निषिद्ध आहे.

आणखी एक बाब मला अधिक टोचते. अनेक घरांत मशीन ही त्या बाईची एकमेव स्वतःची वस्तू असते. शेत सासऱ्यांचे, घर नवऱ्याचे. सौदा मात्र मुलगा करतो, आणि तोही ती माहेरी वा इस्पितळात असताना. म्हणून ओळखीच्या कुटुंबांना मी इतकेच सुचवितो की आधी क्रमांक टिपून ठेवा, शिलाई मशीनचेच तेल घाला (खोबरेल नव्हे, ते आत चिकटून बसते), दोन दिवस मुरू द्या, मग तिलाच बसवून कापडावर वीतभर शिवण घालायला सांगा. टाका बसला नाही तर सौंसर वा पांढुर्ण्याच्या कारागिराला दाखवा. विकायची की नाही, हे त्यानंतर तिने ठरवावे.