वाकळ धुवा, गादी उसवा



घटस्थापना जवळ आली की आपल्या नांदेड-लातूरकडे बायाबापड्या एकमेकींना विचारू लागतात, "दसरा काढला का?" घर सारवून होते, भांडी घासून होतात आणि घरातले झाडून सारे अंथरूण-पांघरूण नदीवर नाहीतर विहिरीवर जाते. त्यातले काय पाण्यात घालावे आणि काय घालू नये, ते आज पाहू.

वाकळ खुशाल धुवावी. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक ठेवून दोरा घातलेली ती वस्तू; आत सुटा कापूस नसतो, म्हणून काही सरकत नाही. धुण्याचा सोडा घालून रात्री भिजवा, सकाळी आपटा. मात्र ओली वाकळ दुपटीहून जड होते. ती पिळून दोरीवर टाकणे एकट्या बाईच्या कमरेचे काम नाही. घरच्या गड्यांनी दुसरे टोक धरावे, त्यात कमीपणा कसला? आणि नदीला पाणी चढते असेल तर त्या दिवशी धुणे घरीच राहू द्या.

गादी आणि कापसाची रजई मात्र भरलेली कधीही धुऊ नये. ओला कापूस गोळा होऊन बसतो. वरची खोळ दोन तासांत सुकते, हाताला कोरडी लागते, पण आतला गोळा ओलाच असतो. असा ओलावा दोन दिवस राहिला की बुरशी धरते. मग कुबट वास, आणि त्यावर निजणाऱ्याला दमा असेल तर रात्रभर खोकला. औषधपाणी करतो, पण अंथरूण उलटून कोणी पाहत नाही.

म्हणून गादी उसवावी, खोळ धुवावी, कापूस धोतरावर पसरून दोन-तीन कडक उन्हे द्यावीत आणि पिंजून घ्यावा. धनुकलीचा आवाज आता क्वचितच ऐकू येतो. पिंजाऱ्याचे यंत्र टेम्पोवर येते. काम तेच.

शहरातला मुलगा म्हणेल, रजई तर आम्ही आख्खी धुतो. त्याचे खोटे नाही. त्याची रजई पॉलिस्टरची असते. थंड मुलखात बदकाच्या पिसांच्या रजया असतात, त्याही भरलेल्याच धुतात; वाळताना गोळे हाताने फोडत राहिले की पीस पुन्हा फुलते. दबलेला कापूस पिंजल्याशिवाय फुलत नाही.

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पुराचे पाणी घरांत शिरले. अशा पाण्यात उकिरडा, गटार सगळे मिसळलेले असते. त्यात भिजलेला कापूस टाकून द्यावा. जिवावर येते, पण टाकावा. खोळ तेवढी उकळत्या पाण्यात सोडा घालून धुऊन ठेवा, नवी रुई भरता येईल.

उलट टंचाईचे साल. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. अशा वर्षी वाकळी कोण धुणार? तेव्हा नुसते ऊन द्या. सकाळी दहाला टाकावे, दुपारी उलटावे, काठीने झोडावे आणि दव पडायच्या आत घरात घ्यावे. वाळले की नाही हे बोटाने कळत नाही. घडी करून मधल्या पदराला गाल लावा. गार लागले तर आणखी एक ऊन हवे.

ढेकणांसाठी फवारणीचे औषध किंवा पावडर अंथरुणावर टाकणारी घरे मी पाहिली आहेत. असे बिलकूल करू नका. पूर्वी सर्रास वापरली जाणारी बीएचसी पावडर तर १९९७ पासून देशात बंद आहे. शेतातले विष रात्रभर लेकराच्या नाकाशी ठेवायचे का? खाटेच्या सांध्यांत आणि खोळीच्या शिवणीत उकळते पाणी ओता. ढेकूण अंड्यांसकट मरतो.

कुंपणावर किंवा दगडांवर वाळत घातलेले अंथरूण आत आणताना दोघांनी धरून चांगले झटका. घडीत विंचू शिरलेला असतो.