हात मागं बांधून



ऊसतोडीच्या धांदलीत घरातली पोरं ओसरीवर बसून चाकांच्या गाडीला तारा जोडताना दिसली, की तुम्ही म्हणत असाल, अभ्यास सोडून हा काय खेळ मांडलाय! पण तो स्पर्धेचा यंत्रमानव असतो. काळ्या पट्ट्यावरून त्यानं आपलं आपण चालायचं, पट्टा संपला की ठरल्या जागी वळून डबी उचलायची. माणसानं मध्ये हात लावायचा नाही. २०१६ साली केंद्र सरकारची अटल योजना निघाली, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळांत प्रयोगशाळा झाल्या, आणि हे वेड आमच्या पिंपळीपर्यंत पोचलं.

मी आयटीआयमध्ये तारतंत्रीचा निदेशक होतो, म्हणून पोरं माझ्याकडं आली. गेल्या साली मी चूक केली. स्पर्धा दोन दिवसांवर, गाडी काही वळेना. रात्री पोरं घरी गेल्यावर मी न् पुतण्यानं बसून सगळा प्रोग्राम नव्यानं लिहिला. गाडी झकास पळाली. मग परीक्षकांनी विचारलं, "इथं दोनचाच आकडा का?" चारही पोरं माझ्या तोंडाकडं बघायला लागली. बक्षीस गेलं त्याचं काही नाही, पण परतताना एक पोरगी म्हणाली, "काका, ती गाडी आमची नव्हतीच." पुढं महिनाभर ती फिरकली नाही.

पुण्यात २०१४ साली आशियातल्या विद्यापीठांची रोबोकॉन स्पर्धा झाली. विषयच आईबापाचा होता. मोठा यंत्रमानव माणसानं चालवायचा. त्यानं लेकरू-यंत्राला उचलून खेळापाशी न्यायचं. शेवटची शिडी मात्र लेकरानं स्वतः चढायची. हे मला आधी आठवायला हवं होतं!

यंदा ती पोरगी आली, आणि मी हात मागं बांधले. तिनं लिहिलं होतं : पट्टा संपला की दोन सेकंद सरळ चाल, मग वळ. सकाळी गाडी नेमकी वळायची, दुपारी हातभर अलीकडंच. कारण मला लगेच कळलं होतं. जीभ दाताखाली धरली आणि एवढंच विचारलं, "सकाळी न् दुपारी काय बदलतं?"

तिनं आधी उन्हावर संशय घेतला. तो वावगा नव्हता, कारण पट्टा ओळखणारे डोळे कडक उन्हात खरंच भांबावतात. पण सतरंजी टांगून सावली केली तरी गाडी चुकलीच. मग फरशी पुसून झाली, चाकं बदलून झाली. तीन दिवस गेले. माझा हात किती वेळा पुढं गेला, ते माझं मला ठाऊक.

चौथ्या दिवशी ती वडिलांची भाकरी घेऊन विहिरीवर गेली. व्होल्टेज कमी, मोटर कण्हत होती, पाटाला पाणी जेमतेम. तिथून पळतच आली. "काका, बॅटरी उतरतीय! दुपारी गाडीला जोरच नसतो, दोन सेकंदांत ती तेवढं अंतर जातच नाही."

मग वेळ सोडून चाकाचे फेरे मोजायचं ठरलं. दोऱ्यानं घेर मोजला : वीस सेंटिमीटर. म्हणजे मीटरला पाच फेरे. बॅटरी उतरली तरी पाचच. "आणि चाक घसरलं तर?" हे तिनंच मला विचारलं. त्याचं उत्तर अजून शोधतोय.

स्पर्धा रविवारी आहे. तिच्या वडिलांनी त्या दिवसाची पाण्याची पाळी शेजाऱ्याशी बदलून घेतली आहे.