अस्पष्टतेचा कैवार

‘चित्र हलले आहे.’ हौशी छायाचित्रकारांच्या स्पर्धांत काय आणि घरच्या अल्बमात काय, या तीन शब्दांत एखाद्या चित्राचा निकाल लागतो. जे रेखीव तेच खरे, हे त्यामागचे गृहीतक. या गृहीतकाला माझा विरोध आहे.

वाचकहो, थोडा हिशेब करून पाहा. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारा सायकलस्वार सेकंदाला १० मीटर अंतर कापतो. शटर १/१००० सेकंद उघडले, तर तेवढ्यात तो जेमतेम १ सेंटिमीटर सरकतो आणि चित्रात रस्त्याला खिळल्यासारखा दिसतो. तेच शटर १/२० सेकंद उघडे राहिले, तर तो अर्धा मीटर पुढे जातो आणि त्या प्रवासाची खूण चित्रात उमटते. मग वेगाविषयी साक्ष कोणते चित्र देते?

रेखीवपणाचे मोल मी नाकारीत नाही. धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात, हे एडवर्ड मायब्रिज याने १८७८ साली कॅलिफोर्नियात चित्रांनी दाखवून दिले. तेथे गोठवलेला क्षणच हवा होता. परंतु प्रश्न निराळा असेल, तर उत्तरही निराळे हवे. एर्न्स्ट हास याने १९५६ साली स्पेनमधील पांप्लोना येथे बैलझुंजीची रंगीत चित्रे मंद शटरने टिपली. त्यांत बैल आणि माणूस रंगांच्या प्रवाहासारखे एकमेकांत मिसळतात. त्यांना सदोष म्हणण्याचे धाडस कोण करील?

अर्थात, प्रमाण सुटले तर सारेच पुसले जाते. दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका हमरस्त्याचे चित्र घेतले, तेव्हा काही मिनिटांच्या त्या अवधीत धावती वाहने नाहीशी झाली; बुटांना पॉलिश करून घेत स्थिर उभा असलेला एक माणूस तेवढा उरला. म्हणून अस्पष्टता मोजून घ्यावी लागते. भर उन्हात आयएसओ १०० आणि छिद्र एफ/१६ ठेवूनही शटर १/१०० सेकंदाच्या आसपासच येते. प्रकाशाचा केवळ ६४वा भाग आत सोडणारा करडा फिल्टर लावला, की तेच अर्ध्या सेकंदापलीकडे नेता येते. मग कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून धबधबा वाहू द्यावा, वा शटर १/३० च्या सुमारास ठेवून सायकलस्वाराच्या गतीने कॅमेरा फिरवावा. पहिल्यात खडक स्थिर राहतो, दुसऱ्यात स्वार. गती कळायला काहीतरी स्थिर लागतेच.

यावर कोणी म्हणेल, ‘एवढा खटाटोप कशाला? धूसरपणा संगणकावर नंतरही देता येतो.’ येथेच खरी फसगत आहे. रस्त्याकडेला स्थिर ठेवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेले सायकलचे चाक पाहा. जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, तर माथ्यावरचा बिंदू सायकलच्या दुप्पट वेगाने धावतो. म्हणून खालच्या आऱ्या स्पष्ट येतात आणि वरच्या पुसट होतात. सर्वत्र सारखाच धूसरपणा फासणाऱ्या सॉफ्टवेअरला या भेदाची वार्ताही नसते. घडलेल्या गतीची ती नोंद नव्हे, नक्कल होय.

तेव्हा परीक्षकांना आग्रहाची विनंती : चित्र हलले का, एवढेच विचारू नका, कशासाठी हलले, तेही विचारा. आणि छायाचित्रकारांनीही ध्यानात ठेवावे, की हात हलला ही सबब होय, हात हलवला हा निर्णय. उत्तर देण्याची तयारी असेल, त्यानेच शटर मंद ठेवावे.