कानानं केलेली खरेदी

सकाळची घाई. एका शेगडीवर भाजी, दुसरीवर तवा आणि हात पिठात. अशा वेळी सोबतीला असतो तो रेडिओ. परवा गाणं संपलं आणि ‘चूंऽ चूंऽ’ असा रबरी खेळण्याचा आवाज आला. मागे कुत्र्याचं आनंदानं भुंकणं आणि एक लाडिक आवाज, "तीन खेळण्यांवर दोन मोफत! आजच आईला सांगा!" आमचा मोती कान टवकारून रेडिओपाशी आला, पाठोपाठ चिरंजीवही. मग काय, मागवलाच संच!

खोकं उघडलं आणि डोळेही उघडले. चेंडू लिंबाएवढा, दोरीचे धागे सुटलेले. दुसऱ्याच दिवशी मोतीनं रबरी बदक फाडलं आणि आतली शिट्टी तोंडात धरली. वेळीच दिसली म्हणून बरं! गिळली असती तर आतड्यात अडकायची भीती. आणि आपल्यासारख्या गावात कुत्र्याचं ऑपरेशन करणारा डॉक्टर ऐनवेळी शोधायचा कुठे?

मैत्रिणींनो, आपले हात आणि डोळे कामात गुंतलेले असतात, कान तेवढे मोकळे. जाहिरात करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. आवाजातून आनंद ऐकू येतो. वस्तूचा आकार, शिवण, रबराचा दर्जा कळत नाही. अटी तर शेवटी एका दमात म्हटल्या जातात, एक शब्द समजेल तर शपथ!

आणखी एक गोष्ट. मुलांच्या खेळण्यांवर २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. पण तो नियम १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांपुरता. कुत्र्या-मांजरांची खेळणी त्यात येत नाहीत. घरातलं रांगतं बाळ मात्र हा फरक थोडाच करणार?

तरीही आपण अगदीच असहाय नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली २०२२ मध्ये जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं आली. संचाच्या किमतीतच धरलेली वस्तू ‘मोफत’ म्हणायची नाही, ‘आईबाबांना घ्यायला लावा’ असं मुलांना थेट सांगायचं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. फसगत झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पावती आणि खोकं तेवढं जपून ठेवा.

म्हणून, कानाला गोड लागलं तरी एक दिवस थांबा. पाच वस्तूंची किंमत पाचानं भागून पाहा. चेंडू कुत्र्याच्या घशात जाणार नाही एवढा मोठा हवा, मांजरापुढे सुटा दोरा नकोच.

आणि खरं सांगू? तो संच मी माळ्यावर टाकला. आता संध्याकाळी चिरंजीव आणि मोती अंगणात एका मोठ्या चेंडूमागे धावतात. मोतीला पाच खेळणी नकोच होती हो, खेळायला कुणीतरी हवं होतं!