कुंपणच शेत खाऊ लागले तर?

गेल्या पंधरवड्यात आम्ही आमच्या पाचवीच्या वर्गास एक साधा प्रश्न घातला, "कायदा म्हणजे काय?" पुढच्या बाकावरील मुलांनी पुस्तकातील उत्तर घडाघडा म्हणून दाखविले. मागे वीटभट्टीवरील एका मजुराचा मुलगा बसतो. तो म्हणाला, "कायदा म्हणजे पोलीस, गुरुजी." वर्ग हसला. आम्हांस हसू आले नाही. पुढच्या बाकाने वाचलेले सांगितले होते, त्या पोराने पाहिलेले सांगितले.

त्या पोरास काय उत्तर द्यावे याचा जो विचार आम्ही केला, तोच आज वाचकांपुढे मांडतो. कायदा म्हणजे शेताचे कुंपण. ते रयतेने आपल्या पिकाकरिता घालावयाचे आणि त्यावर राखणदार नेमावयाचा. पोलीस, तलाठी, मुख्याधिकारी, मंत्री हे सारे राखणदार होत. कुंपणाचे धनी नव्हेत. कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावी, ही आपल्या वाडवडिलांची म्हण आहे आणि राज्यशास्त्राचा सारा प्रश्न तिच्यात आला. नियम किती कडक आहे यावरून राज्याची परीक्षा होत नाही. तो राखणदारास लागू होतो की नाही, यावरून होते. ही परीक्षा पाहावयास दूर जाण्याचे कारण नाही. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या गाडीत बसावे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तीन स्थानके सारा धडा शिकवितात.

अंबरनाथचे शिवालय सर्वांनी पाहिले आहे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे सन १०६० हे साल आहे. तो शिलाहार राजा मम्वाणी याचा काळ. या शिलाहारांच्या अमलात कोकणात दगड उभे राहिले, त्यांस गधेगाळ म्हणतात. वर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा लेख, खाली गाढव व स्त्री. जो कोणी हे दान मोडील त्याच्या आईची अशी विटंबना होवो, अशी ती दगडात कोरलेली शिवी. आता विचार करा, शिवी का कोरावी लागली? दान मोडण्याची ताकद कुणब्यात नव्हती. ती ताकद पुढे येणाऱ्या राजाची व त्याच्या अंमलदाराची. कुंपण शेत खाते हे त्या काळीही लोक जाणून होते. त्यावर उपाय मात्र शिव्याशापापलीकडे नव्हता. आणि तो शापही पाहा कोणाच्या माथी! गुन्हा करणार पुरुष, विटंबना त्याच्या आईची. ही रीत त्या दगडाबरोबर गेली असे समजू नये.

पुढे पाटील-कुलकर्ण्यांचा काळ आला. गावचा तंटा गोतसभेत बसून तोडीत. निवाड्याच्या महजरावर पाटील नांगराची निशाणी करी आणि कारागीर आपापल्या हत्याराची. ज्यास अक्षर येत नव्हते त्याचीही सही न्यायाच्या कागदावर होती, ही गोष्ट आम्हांस अभिमानाची वाटते. परंतु तिचे गोडवे गाऊन थांबणे खरेपणाचे नाही. त्याच गोतात गावच्या शिवेची खडान्‌खडा माहिती असलेल्या महाराची साक्ष हवी होती, पण त्यास राहावयास वेशीबाहेर जागा होती. बायकांस तर निवाड्यात स्थान नव्हतेच. पुरावा सापडेना तेव्हा तापलेल्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढण्याचे रवादिव्य होते. हात भाजला तो खोटा. दिव्य करावयास लावणाराचा हात कधी भाजत नसे. ते स्वराज्य गावाचे खरे, पण साऱ्या गावाचे नव्हे.

इंग्रज आले आणि राखणदार बदलला. लंडन शहराकरिता त्यांनी १८२९ साली जे पोलीस नेमले त्यांच्या हाती साधा दंडुका दिला. १८४३ साली सिंध प्रांत जिंकल्यावर मात्र सर चार्ल्स नेपियरने तेथे आयर्लंडातील हत्यारी शिपायांच्या धर्तीवर पोलीस उभे केले आणि तोच कित्ता पुढे मुंबई इलाख्याने गिरवला. स्वतःच्या शहरास एक नमुना आणि जिंकलेल्या मुलखास दुसरा! १८६७ च्या गावपोलीस कायद्याने आमचा पाटीलही गोताकडून निघून दंडाधिकाऱ्याच्या हाताखाली गेला. ठाणे हे रयतेचे गाऱ्हाणे ऐकण्याकरिता नसून रयतेवर नजर ठेवण्याकरिता आहे, ही समजूत तेव्हाची.

ती समजूत मोडता येते, हे शाहू छत्रपतींनी कोल्हापुरास १९१८ साली दाखविले. त्या एका साली त्यांनी कुलकर्णी वतने काढून पगारी तलाठी नेमले, महारवतनाची वेठ तोडली, आणि ज्या जमातींस जन्मानेच गुन्हेगार ठरवून ठाण्यावर हजेरी द्यावी लागे त्यांची हजेरी बंद केली. राखणदारी वंशाने चालू नये आणि गुन्हाही वंशाने ठरू नये, असे हे दुहेरी काम होते.

आता आपल्या मुलखाकडे वळू. अंबरनाथजवळ मलंगगडाच्या वाटेवर नेवाळी आहे. १९४२ च्या सुमारास युद्धातील विमानतळाकरिता इंग्रज सरकारने नेवाळी व भोवतालच्या गावांची सोळाशेंहून अधिक एकर जमीन ताब्यात घेतली. शेतकरी म्हणतात, ती युद्धापुरती होती. सरकार म्हणते, ती कायमची संपादन केली आणि आता संरक्षण खात्याची आहे. १९४५ साली युद्ध संपले, १९४७ साली इंग्रज गेले, आणि हा तंटा पुढे सत्तर वर्षे तसाच राहिला. लोक त्या जमिनीत भात लावीत होते. २०१७ साली भिंत घातली जाऊ लागली तेव्हा २२ जूनला लोक रस्त्यावर आले, पोलिसांच्या गाड्या जाळल्या, पोलिसांनी छऱ्यांचा मारा केला, दोन्हीकडची माणसे जखमी झाली. गाड्या जाळणे आम्हांस मान्य नाही. परंतु जाळणाराचा गुन्हा एका दिवसाचा, आणि निवाडा न देणाराचा पाऊणशे वर्षांचा. पहिल्यास कलम आहे. दुसऱ्यास कोणते?

त्याच युद्धाकरिता कल्याणजवळ लष्करी छावणी पडली होती. फाळणीनंतर सिंधमधून उघड्यावर पडलेली कुटुंबे तेथील बराकींत आणून ठेविली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीस उल्हासनगर हे नाव मिळाले. या माणसांनी हातांच्या बळावर शहर उभे केले. पण राखणदाराने काय केले? परवानगीवाचून इमले चढत असता डोळे मिटले. २००५ साली उच्च न्यायालयाने आठशेंहून अधिक बेकायदा इमारती पाडण्याचा हुकूम दिला, तेव्हा २००६ साली सरकारने त्या दंड घेऊन कायदेशीर करण्याचा खास कायदाच केला. रहिवाशांस उघड्यावर टाकू नये हे आम्हांस मान्य. पण दंड भरून कागद पक्का होतो, स्लॅब पक्का होत नाही! २८ मे २०२१ रोजी तेथील एका पाच मजली इमारतीचा स्लॅब वरून खालपर्यंत कोसळून सात माणसे मेली. बांधणाराने पैसा केला, डोळे मिटणाराने पगार घेतला, मेले ते कर्ज काढून घर घेणारे.

वाचक म्हणतील, मग आपली नगरपालिका आहे ना? तिचीच कथा ऐका. स्थानिक स्वराज्याचा रिपन साहेबाचा ठराव १८८२ चा. त्याआधीच, १८७६ पासून, जोतीराव फुले पुणे नगरपालिकेत बसून रयतेचा पैसा लाटसाहेबांच्या स्वागतावर उधळू नका असे सांगत होते. पुढे १९९३ साली अमलात आलेल्या घटनादुरुस्तीने नियम घातला की, पालिकेची मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे. नियम लखलखीत आहे. आता अंमल पाहा. अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर येथील पालिका २०१५ साली निवडल्या गेल्या. मुदत २०२० साली सरली. मतदान झाले २०२५ च्या डिसेंबरात. उल्हासनगर महापालिकेची मुदत २०२२ साली सरली. मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये. मधली सारी वर्षे प्रशासक. नळ, गटार, शाळा, दवाखाना यांचा हिशेब विचारावयास निवडलेला एकही माणूस नव्हता.

कारणे सांगण्यात आली. पहिले महामारीचे; ते आम्ही समजू शकतो. दुसरे इतर मागासवर्गाच्या राखीव जागांचे. येथे वाचकांनी नीट लक्ष द्यावे. या जागा ठेवण्यापूर्वी मागासलेपणाची आकडेवारी गोळा करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले होते. ती वेळेत गोळा झाली नाही, म्हणून मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्रातील त्या जागा अडकल्या. अभ्यास केला नाही सरकारने आणि नापास झाले माळी, तेली, कुंभार, आगरी! अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयास निवडणुका घ्या असे बजावावे लागले. शेतसारा एक हप्ता चुकला तर आमच्या दारी नोटीस येते. घटनेतील मुदत पाच वर्षे चुकली, तिची नोटीस कोणाच्या दारी लागली?

आता बदलापूर. लिहिताना हात जड होतो, कारण गोष्ट शाळेतील आहे आणि आम्ही शाळामास्तर आहो. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. आईबापांस फिर्याद लिहून घेण्यासाठी ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. बालकांवरील अत्याचाराची माहिती असून जो कळवीत नाही तोही गुन्हेगार, असा २०१२ चा कायदा आहे. त्याखाली शाळेच्या चालकांवरही गुन्हा दाखल झाला. २० ऑगस्टला हजारो लोक रुळांवर बसले आणि गाड्या दिवसभर थांबल्या. मग एकाएकी सारे हलू लागले: पोलीस निलंबित झाले, चौकशी पथक आले, उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. तात्पर्य लोकांनी काय घ्यावे? रूळ अडविल्यावाचून ठाणे हलत नाही, हेच ना!

पुढे २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. पुष्कळांनी पेढे वाटले, आमच्या ओळखीच्यांनीही. त्यांस आम्ही आज उघड सांगतो की त्यात आनंद मानण्यासारखे काही नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा अहवाल उच्च न्यायालयापुढे आला, त्यात त्या मृत्यूस पाच पोलिसांस जबाबदार धरले होते. ज्या खात्यास लेखणी उचलावयास तासन्‌तास लागले, त्यास बंदूक उचलावयास किती लागला? खटला चालता तर कोणी काय दडविले ते साऱ्या जगापुढे येते. आणि आज जी गोळी नराधमावर सुटली म्हणून टाळ्या पडतात, ती उद्या नेवाळीच्या शेतकऱ्यावर सुटली तर तिला अडवावयास कोणता नियम उरतो?

आमचा स्वतःचा अनुभव लहान आहे, पण सांगतो. काही वर्षांमागे एका शेतकऱ्याची पाण्याची मोटार चोरीस गेली. त्याच्याबरोबर आम्ही एका ठाण्यावर गेलो. साहेब नाहीत, उद्या या, असे तीनदा झाले. चौथ्या खेपेस आम्ही अर्जाच्या दोन प्रती नेल्या आणि एकीवर पोच मागितली. पोच मिळाली, आणि अर्ध्या तासात फिर्यादही लिहिली गेली. मोटार काही सापडली नाही. पण तो शेतकरी त्या दिवशी ताठ मानेने घरी गेला.

म्हणून शेतकरी व कारागीर बांधवांनो, मायबहिणींनो, हे ध्यानी धरा. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद लिहून घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निवाडा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे हद्द कोणाची हे न पाहता कोणत्याही ठाण्यात ती देता येते व तिची प्रत फुकट मिळते. नाकारल्यास वरिष्ठांस लेखी कळवा. तेथेही दाद न लागली तर दंडाधिकाऱ्याकडे जा. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरली पाहिजे; तेथे जाऊन बसा, बायकांस पुढे बसवा, आणि ठरावाखाली सही करण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून घ्या. पालिकेत निवडून दिलेल्या माणसास मत देऊन विसरू नका, हिशेब विचारा. आणि आपण स्वतः नियम पाळा. कारण चोरून वीज घेणाऱ्यास लाच घेणाऱ्याची कॉलर धरता येत नाही.

वाडवडिलांपाशी गधेगाळाची शिवी होती, आपल्यापाशी पोच मागण्याचा हक्क आहे. तो शिवीपेक्षा मोठा आहे, पण वापरला तर. त्या वीटभट्टीवरच्या पोरास आम्ही सांगितले, "बाळ, कायदा म्हणजे पोलीस नव्हे. पोलिसालाही जो पाळावा लागतो तो कायदा." त्याने विचारले, "खरंच पाळावा लागतो, गुरुजी?" त्या प्रश्नाचे उत्तर आमच्या एकट्याच्या हाती नाही. ते वाचकांच्या हाती आहे.