गोऱ्ह्यालाही चीक पाजा

गेल्या श्रावणात आमच्या बांधाला कुणीतरी एचएफ जातीच्या गाईचा गोऱ्हा सोडून गेलं. आठवड्याचा असेल-नसेल. डोळे खोल गेलेले, शेपूट हगवणीनं बरबटलेलं, बेंबीत किडे पडलेले. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, तर तशीच उभी राहिली. अंगातलं पाणी आटल्याची ही खूण.

आईनं गोणपाटानं त्याला खसाखसा पुसलं. डॉक्टरांनी किडे काढून बेंबीला आयोडीन लावलं, सलाईन दिलं. मग चार दिवस मीठ-साखरेचं कोमट पाणी आणि तास-दोन तासांच्या फरकानं धारोष्ण दूध, अर्धा-अर्धा लिटर. (आडव्या पडलेल्या वासराच्या तोंडात बाटली ओतू नका, दूध फुप्फुसात जातं.) आई दोन बोटं त्याच्या तोंडात देऊन बसायची. तिसऱ्या दिवशी त्यानं ती चोखली.

सोडणाऱ्याला मी शिव्या देणार नाही. २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्याही कत्तलीवर बंदी आहे, नांगरट ट्रॅक्टर करतो, आणि गोऱ्हा रोजचं विकाऊ दूध पितो. बंदी घालणाऱ्यांनी त्याच्या वैरणीचा हिशेब मांडलाच नाही. लिंगनिर्धारित रेतमात्रेनं दहातल्या नऊ कालवडी होतात. ती गावोगाव परवडेल अशा दरात मिळायला हवी.

चीक पाजायला मात्र सरकार लागत नाही. जन्मल्यावर दोन तासांच्या आत पाजा, पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. खरवस मागाहून. आमच्या गोऱ्ह्याला चीक मिळाला नसावा. वाचला, पण बरोबरीच्या वासरांपेक्षा अजून वीतभर बुटका आहे.