पहिला रुपया इंजिनात नको

विसरवाडीच्या एका वाचकाने विचारले आहे. जुनी एस्टीम भंगाराच्या भावात मिळाली, सांगाडा गंजलेला नाही, घरचे गॅरेज आहे, हाताशी ६० हजार रुपये आहेत आणि पुढच्या मोसमात क्लबच्या स्पर्धेत हौशी गटात उतरायचे आहे. तर इंजिनाला आधी काय करू? हेड घासून घेऊ, कॅम बदलू, की सायलेन्सर मोकळा करू? नाशिक, पुणे, कोल्हापूरहूनही हाच प्रश्न थोड्याफार फरकाने येत असतो. वेगवेगळी उत्तरे लिहिण्यापेक्षा या महिन्याची जागा त्यालाच द्यावी असे ठरवले.

गाडीची निवड चांगली आहे. एस्टीम १९९४ साली बाजारात आली आणि पुढे चेन्नई व कोइमतूरच्या ट्रॅकवर टूरिंग कारच्या गटांत वर्षानुवर्षे धावली. तिचे १२९८ सीसीचे जी१३ घराण्यातले इंजिन जिप्सी किंगमध्ये होते आणि २००५च्या पहिल्या पेट्रोल स्विफ्टमध्येही. गाडी बंद झाली तरी पिस्टन, रिंगा, गॅसकिट, पंप यांसाठी दारोदार फिरावे लागत नाही. सोळा व्हॉल्व्हच्या एस्टीमला कंपनीने ८५ अश्वशक्ती दिली होती, आणि पहिल्या मोसमातल्या चालकाला ती पुरते. म्हणून आमचे उत्तर असे, की त्या ६० हजारांतला एकही रुपया सध्या इंजिनाची ताकद वाढवण्यावर घालू नका.

पैसा आधी ब्रेकवर घाला. ब्रेकची गोष्ट विसरवाडीच्या या वाचकाला आम्ही काय सांगणार? धुळ्याकडून येणारे भरलेले ट्रक कोंडाईबारीचा घाट उतरून त्याच्याच गावात येतात. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम त्याने लहानपणापासून ऐकला असेल, आणि तो न पाळणाऱ्यांच्या लायनरचा जळका वासही त्याला ओळखीचा असेल. ट्रॅकवर हेच होते, फक्त दर लॅपला आणि प्रत्येक वळणाआधी होते. चालकासह ९०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून थांबवायची तर ब्रेकला सुमारे २.२ लाख ज्यूल उष्णता पचवावी लागते. तीच गाडी १००वरून थांबवायची तर आकडा ३.५ लाखांच्या जवळ जातो. वेग पावपट वाढला, पण उष्णता दीडपटीहून अधिक झाली. इंजिनात घोडे वाढवून सरळ रस्त्यावर जे कमावले त्याचे बिल वळणावर ब्रेकच्या नावाने फाटते.

आणि ब्रेक तयार करणे हे स्वस्तातले काम आहे. कॅलिपरचे सील किट टाका, स्लाइड पिना साफ करून योग्य ग्रीस लावा, जुने रबरी होज काढून फेका, मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडर गळतो का बघा, अॅडजस्टमेंट दोन्ही बाजूंना सारखी करा. मग ब्रेक ऑइल. नव्या डॉट ३ला किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळी फुटता कामा नये, डॉट ४ला २३० आणि डॉट ५.१ला २६०, असे मानक आहे. पण हे ऑइल हवेतली ओल शोषते. ओल धरलेल्या डॉट ३चा उत्कलनबिंदू १४० अंशांपर्यंत आणि डॉट ४चा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. विसरवाडीच्या नवापूर तालुक्यातला पावसाळा ज्याने काढला आहे त्याने गॅरेजच्या फळीवर झाकण सैल राहिलेली बाटली स्पर्धेच्या गाडीला वापरू नये. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकते. लायनर तापल्यावर पेडल कडक राहते पण गाडी थांबत नाही. ऑइल उकळल्यावर पेडलच राहत नाही. दोन्ही दोष वेगळे आहेत आणि चालकाने पायाने ओळखायला शिकले पाहिजे. सीलबंद डॉट ४ची बाटली आणि चारही चाकांच्या ब्रेकमधून नीट काढलेली हवा यांना काही शे रुपये लागतात. प्रत्येक स्पर्धेआधी हे करा.

आता चालकाभोवतीचा पोलादी पिंजरा, सीट आणि पट्टे. या तीन गोष्टींत ६० हजारांतला मोठा वाटा जाणार आहे, आणि जाऊ द्यावा. ग्रामीण गॅरेजमध्ये वेल्डिंगचा हात चांगला असतो, म्हणून पिंजरा घरीच करण्याचा मोह होतो. करायला हरकत नाही, पण एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमात जे लिहिले आहे तेच करावे. मुख्य कमानीला थंड ओढलेल्या सीमलेस कार्बन स्टीलची नळी हवी, ४५ मिलिमीटर व्यासाची आणि २.५ जाडीची, किंवा ५० व्यासाची आणि २ जाडीची. बाकीच्या भागांना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. पोलादाची ताण सहन करण्याची ताकद प्रति चौरस मिलिमीटर किमान ३५० न्यूटन. नळी गरम न करता वाकवायची आणि वळणाची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट तरी ठेवायची. पाय बॉडीवर जिथे टेकतात तिथे किमान ३ मिलिमीटर जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट लावायची. नळाच्या जीआय पाइपचा पिंजरा तपासणीच्या टेबलापर्यंतही आणू नका. ती नळी जोडाची असते, वाकवताना चपटते, आणि वरचा जस्ताचा थर जळताना निघणारा धूर वेल्डरच्या फुप्फुसात जातो. उलटलेल्या गाडीत असला पिंजरा आत घुसतो, तेव्हा त्याच्यापेक्षा पिंजरा नसलेला बरा.

पट्ट्यांचेही तसेच. मोठ्या संघांनी मुदत संपल्यावर काढून टाकलेले पट्टे स्वस्तात मिळतात. लेबलावर मुदतीचे वर्ष छापलेले असते, ते वाचा. पट्ट्याचा धागा उन्हाने आणि वापराने आतून कमजोर होतो, डोळ्यांना दिसत नाही. खांद्याचे पट्टे सीटच्या वरच्या कडेपासून मागे जाताना फार खाली ओढले जाऊ नयेत. ४५ अंश ही शेवटची मर्यादा, १० अंशांच्या आत असेल तर उत्तम. धडकेच्या वेळी जास्त उतार असलेला पट्टा मणक्यावर दाब आणतो. हे सगळे करून पैसे संपले, तर पहिला मोसम साध्या इंजिनाने खेळा. पिंजऱ्यापुरतेही पैसे जमले नसतील तर मोसम एक वर्ष पुढे ढकला. आम्ही हे कळकळीने लिहितो आहोत.

वजन काढायला पैसे लागत नाहीत. मागची सीट, गालिचे, आवाज दाबण्यासाठी चिकटवलेले डांबरी थर, स्पीकर, एसीचा कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर हे नियमात बसत असेल तर काढा. ९०० किलोतून ६० किलो गेले तर वेग पकडण्याच्या हिशेबात ८५ घोड्यांचे ९१ झाल्यासारखे होते. शिवाय ब्रेक, टायर आणि बेअरिंग या तिघांवरचा भार कमी होतो, जे कॅम बदलून कधीच होत नाही. गटाला किमान वजन ठरवलेले असेल तर मात्र आधी वजनकाट्यावर गाडी चढवा, महामार्गावर काट्यांची कमी नाही.

टायर हा एकच भाग जमिनीला लागतो, तरी नवखे चालक त्याच्याकडे शेवटी बघतात. जुना टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर तो २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. नक्षी खोल दिसली तरी रबर कडक झालेले असेल तर तो घेऊ नका. हवेचा गेज स्वतःचा ठेवा, पंपावरच्या गेजवर विसंबू नका. सकाळी २२ अंशांत ३० पीएसआय भरलेली हवा दुपारी ४२ अंशांत गाडी न हलवताच ३३च्या आसपास जाते, आणि धावून टायरमधली हवा ७० अंशांवर गेली तर ३७-३८पर्यंत. खानदेशात मार्च-एप्रिलमध्ये गाडी तयार करणाऱ्याने हे आकडे लिहून न ठेवून चालायचेच नाही. टायरच्या कडेला खडूची जाड रेघ ओढा, चार-पाच लॅप मारा, आणि रेघ कुठपर्यंत पुसली ते बघा. नक्षीच्या खाली बाजूवर उतरली असेल तर टायर वळणात लोळतो आहे, हवा थोडी वाढवा. रेघ नक्षीच्या कडेलाही पुसली नसेल तर हवा जास्त आहे.

अलाइनमेंटचे यंत्र विसरवाडीत नसेल तरी हरकत नाही. सपाट फरशीवर गाडी उभी करा, दोन्ही बाजूंना स्टँड ठेवून मासेमारीची नायलॉन दोरी चाकांच्या मध्याच्या उंचीला ताणा. दोन्ही दोऱ्यांमधले अंतर पुढे आणि मागे सारखे ठेवा आणि गाडीची मध्यरेषा त्यांच्या मधोमध घ्या. मग प्रत्येक रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीचे अंतर पोलादी पट्टीने मोजा. जगातले मोठे संघही गाडी ट्रॅकवर नेली की दोऱ्या ताणतात. मोजण्याआधी लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टायरॉड एंड आणि व्हील बेअरिंग यांतला खेळ काढा, नाहीतर मोजलेला आकडा पहिल्या खड्ड्यात बदलेल. शॉकअप चारही एकाच वेळी बदला. स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवू नका. कापलेली स्प्रिंग कडक होते हे खरे, पण तिचा प्रवास उरत नाही, आणि शॉकअप पूर्ण लांबल्यावर ती जागा सोडू शकते.

इंजिनाबद्दल थोडक्यात. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, प्लग, कूलंट नवे टाका. रेडिएटर धुऊन घ्या. एअर फिल्टरला बोनेटखालची हवा मिळते आहे की बाहेरची, ते बघा. ६० अंशांची हवा ४० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी विरळ असते, म्हणजे पुढच्या जाळीतून आणलेली साधी नळी ८५ घोड्यांच्या इंजिनाला चार-पाच घोड्यांपर्यंत मिळवून देऊ शकते. फिल्टर मात्र काढू नका. मुरमाच्या मैदानावर फिल्टरशिवाय धावलेल्या इंजिनाच्या रिंगा एका दिवसात खराब होतात.

कमी पैशातली रेसिंग ही गरिबाची तडजोड आहे असे आम्हाला कधीच वाटले नाही. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी १९४८ साली पहिली गाडी जुन्या ऑस्टिन सेव्हनवर बांधली, आणि मॅकलारेन संघाचे संस्थापक ब्रूस मॅकलारेन यांनी पौगंडात पहिली स्पर्धा ऑस्टिन सेव्हनमध्येच केली. आपल्याकडे कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी नळ्यांचा सांगाडा आणि फायबरची बॉडी घेऊन त्यात मारुती ८००चे इंजिन बसवले. फॉर्म्युला मारुतीच्या त्या गाड्यांतून नारायण कार्तिकेयन यांनी सुरुवात केली, आणि पुढे ते फॉर्म्युला वनपर्यंत गेले. चेन्नईजवळच्या शोलावरमची शर्यत दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर होत असे. जे जवळ आहे त्यातून गाडी आणि मैदान उभे करायचे, ही भारतीय मोटरस्पोर्टची जुनी पद्धत आहे.

म्हणूनच आमची तक्रार महाराष्ट्रातल्या आयोजकांकडे आहे. नाशिकमध्ये रॅलीची परंपरा आहे, कोल्हापूरजवळ कार्टिंगचा चांगला ट्रॅक आहे, पण खानदेशातल्या मुलाला वर्षातून एक-दोनदा जुन्या गाडीने उतरता येईल असा हौशी गट कुठे आहे? धुळे, नंदुरबार, जळगाव मिळून मुरमाच्या मैदानावर एक ऑटोक्रॉस भरवणे अवघड नाही. गटाचे नियम मोजकेच असावेत. इंजिन मूळचे आणि सीलबंद, टायर एकाच कंपनीचे आणि एकाच मापाचे, किमान वजन ठरलेले, आणि खर्चाला कमाल मर्यादा. अमेरिकेत २००६ साली सुरू झालेल्या जुन्या गाड्यांच्या एका सहनशक्ती स्पर्धेत गाडीची किंमत ५०० डॉलरच्या आत ठेवावी लागते. पण सुरक्षेचे साहित्य, ब्रेक, चाके आणि टायर त्या मर्यादेत धरत नाहीत. हा नियम आपण जसाच्या तसा घ्यावा. त्यामुळे पैसे कमी असलेला चालक पट्ट्यावर काटकसर करून इंजिनावर खर्च करण्याच्या फंदात पडत नाही.

आणि मैदान मिळेपर्यंत गाडी महामार्गावर तपासू नका. कोंडाईबारीच्या वळणांवर रात्री गाडी पळवून बघणारे चालक आपल्या खेळाचे नाहीत, हे क्लबांनी उघडपणे म्हटले पाहिजे. घाटात समोरून येणाऱ्या एसटीत आपल्यासारखीच माणसे असतात, आणि त्यांनी पिंजरा बसवलेला नसतो. असे करताना सापडलेल्या सभासदाचे नाव एका मोसमासाठी काढून टाका.

विसरवाडीच्या वाचकाला शेवटची विनंती खर्चाच्या वहीची आहे. कोणता भाग कुठून घेतला, किती पैसे लागले, लेथवाल्याने काय घेतले, पहिल्या दिवशी हवेचा आकडा किती होता, लॅपची वेळ किती आली, सगळे लिहा आणि मोसम संपला की वही आमच्याकडे पाठवा. इतर वाचकांनीही पाठवाव्यात. आलेल्या वह्यांतली पाने आम्ही पुढच्या वर्षीच्या दिवाळी अंकात छापू आणि हौशी गटाची खर्चमर्यादा किती असावी, याचा आकडा त्यांवरूनच काढून आयोजकांपुढे ठेवू.